दुपारी पकडणारी येझदी: जेट वाढवण्याआधी काय तपासावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळला की नाही ते तुम्हाला दिसेल. जुनी टू-स्ट्रोक येझदी २५० आहे. हेडलाइट आणि बाजूचे डबे काढलेत, मडगार्ड वर चढवलंय, बटन टायर टाकलेत. नागपूरजवळ हिंगण्याच्या पुढे मुरमाच्या माळावर शनिवार-रविवार जुन्या गाड्या घेऊन सगळे जमले, तिथे तुम्ही ती चालवली. सकाळी गाडी झकास होती. दुपारी वळणातून बाहेर निघताना घुटमळायला लागली, दम गेला. रविवारी दुपारी सरळ पट्ट्यावर मागचं चाक क्षणभर लॉक झालं, गाडी पकडली (म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये आवळून अडकला), आणि गार झाल्यावर पुन्हा सुरू झाली. शिवाय उडीवरून उतरताना मागचा भाग तुम्हाला फेकतो. यावर तुम्ही विचारताय की मोठा कार्ब्युरेटर आणि एक्स्पान्शन चेंबर (मधे फुगीर, ताकद वाढवणारा एक्झॉस्ट) लावावा का, आणि मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) किती नंबरने वाढवावा.

भाऊ, तिन्ही गोष्टी सध्या नकोत. सकाळी नऊला या गाडीत जी ताकद आहे ती तुम्हाला पुरते, हे तुम्हीच लिहिलंय. ती दुपारी दोनला राहत नाही, हा खरा प्रश्न आहे. पकडणाऱ्या इंजिनात आणखी ताकद घातली की ते आणखी लवकर पकडतं.

काही गोष्टी मला माहीत नसताना नेमके आकडे देता येणार नाहीत. ब्लॉक म्हणजे सिलिंडर स्टँडर्ड मापाचा आहे की रिबोअर (आतून कापून मोठा) झालाय, पिस्टन कुठला आहे, कार्ब्युरेटर जुना जिकोव्ह आहे की नंतरचा मिकुनी पद्धतीचा, तुमचं वजन किती, यावर बरंच अवलंबून आहे. पण तपासण्याचा क्रम या कशानेही बदलत नाही, म्हणून तोच सविस्तर लिहितो.

सुरुवात जेटपासून. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे पहाटे १६-१७ अंश आणि दुपारी ३३-३४ अंश हे नेहमीचं आहे. एवढ्या फरकाने हवा साधारण ६ टक्के विरळ होते. हवा कमी आणि जेट तोच, म्हणजे दुपारी मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, लीन (पेट्रोल कमी) नाही. सकाळच्या गार, दाट हवेत जो मेन जेट पुरला तो दुपारी कमी पडणार नाही, उलट थोडा जास्तच होईल. त्यामुळे ‘दुपारी पकडली, म्हणून जेट वाढवा’ हा सल्ला तुम्हाला कोणी दिला असेल तर तो बाजूला ठेवा. तुमच्या गाडीत दोन वेगळे आजार एकाच वेळी दिसताहेत. घुटमळणं हा एक आणि पकडणं हा दुसरा. दोघांचा इलाज एकत्र करायला गेलात तर दोन्ही राहतील.

पकडण्याचं आधी बघू, कारण त्यात हाडं मोडू शकतात. हेड आणि ब्लॉक काढा, पिस्टन हातात घ्या आणि ओरखडे कुठे आहेत ते पाहा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर उष्णता जास्त झाली, म्हणजे मिश्रण कुठूनतरी लीन होत होतं किंवा टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे होतं. चारही कोपऱ्यांवर सारख्या उभ्या खुणा असतील तर पिस्टन आणि ब्लॉकमधली फट कमी आहे, किंवा गाडी गार असतानाच जोरात ओढली. कार्ब्युरेटरच्या बाजूला मॅट, बारीक घासल्यासारखा पट्टा असेल तर फिल्टरमधून धूळ आत गेली किंवा ऑइल कमी पडलं. हे वाचन झाल्याशिवाय मी कुठल्याही गाडीचा जेट बदलत नाही.

येझदीचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून रिबोअर करताना लेथवाल्याला गाडी ट्रॅकवर चालणार आहे हे आधी सांगा. रस्त्यावरच्या गाडीपेक्षा फट शतांश-दोन शतांश मिलिमीटर सैल ठेवायला लावा आणि होनिंग (आतून बारीक घासणं) झाल्यावर पोर्टच्या (ब्लॉकमधल्या वायूच्या खिडक्यांच्या) कडा हलक्या हाताने मोडून घ्या. दर फेरीआधी गाडी दोन-तीन मिनिटं हलक्या रेसवर चालू ठेवा. ब्लॉकच्या बाहेरच्या फिन्सवर हात टेकवता येणार नाही इतपत ऊब आली की मगच ट्रॅकवर न्या.

ओरखडे एक्झॉस्टच्या बाजूला निघाले, आणि तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटतंय, तर संशय जेटआधी हवेच्या गळतीवर. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (पिस्टनखालची बंद पेटी) हाच मिश्रण ओढणारा पंप असतो. त्याला कुठेही भोक असलं की तिथून साधी हवा आत जाते आणि कार्ब्युरेटरला त्याचा पत्ताही नसतो. गार असताना सील कसाबसा धरतो. तापल्यावर रबराची पकड सुटते, आणि म्हणूनच सकाळी चालणारी गाडी दुपारी पकडते. येझदीत उजवीकडे डायनॅमोच्या बाजूचा सील कोरडा असतो. तो गेला की गाडी हवा ओढते, बाहेर काहीच दिसत नाही. डावीकडे क्लचच्या बाजूचा गेला तर इंजिन गिअर ऑइल ओढतं, पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरते. डावीकडचा स्वतःहून ओरडून सांगतो, उजवीकडचा गुपचूप मारतो.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. एक्झॉस्टची दोन्ही तोंडं रबरी बुचांनी घट्ट बंद करा (येझदीला दोन आहेत, एक विसरलं जातं). कार्ब्युरेटर काढून त्या जागी मधोमध नळी बसवलेलं बूच लावा आणि नळीला ब्लड प्रेशर मोजण्याचा फुगा आणि डायल जोडा. डायलवर ३०० म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, आणि क्रँककेससाठी हा दाब बरोबर आहे. याहून जास्त देऊ नका, चांगले सीलही उचकटतील. काटा काही मिनिटं जवळपास जागेवर राहिला तर इंजिन बंद आहे. उतरायला लागला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधा: हेड, ब्लॉकखालचं गॅस्केट, दोन्ही सील, क्रँककेसचा मधला जोड. शक्य असेल तर गाडी तापवून लगेच पुन्हा करा, कारण गार इंजिनवर पास होणारा सील गरम असताना नापास होतो. माझ्याकडे ‘दुपारी पकडते’ म्हणून आलेल्या बहुतेक गाड्या या फुग्यापाशीच सापडल्या आहेत.

त्याच वेळी कार्ब्युरेटरचा फ्लँज सपाट काचेवर ठेवून पाहा. दोन नट वर्षानुवर्षं आवळून त्याचे कान पुढे वाकलेले असतात आणि मधे फट राहते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करा. मधला जाड इन्सुलेटर काढून टाकलेला असेल तर परत बसवा, नाहीतर ब्लॉकची उष्णता थेट फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या साठ्यात जाते.

गळतीशिवाय आणखी एक बाब दुपारी खरोखर मिश्रण लीन करू शकते, आणि ती म्हणजे वाटीत पेट्रोल वेळेवर न पोहोचणं. टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक मुरमाच्या धुळीने बुजतं. कॉकची जाळी गंजाने भरते. पाइप काढून झाकण लावलेलं ठेवा आणि बाटलीत धार सोडा. मिनिटाला निदान पाव लिटर यायला हवं, तेही सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं. लांब सरळ पट्ट्यावर ॲक्सिलेटर पूर्ण असताना पकडली, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ही तपासणी टाळू नका.

पेट्रोलविषयीही बोलायला हवं. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बरोबर असलेला जेट आजच्या पेट्रोलवर सगळ्याच वेळी थोडा लीन असतो, सकाळीही. तुमचा जेट मूळ नंबराचा असेल आणि गळती सापडली नाही, तर एक नंबर वर जायला माझी हरकत नाही. पण तो बदल सकाळच्या हवेसाठी करायचा आहे, दुपारच्या लक्षणासाठी नाही. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. फ्लोटच्या सुईचं टोक, कॉकचे वॉशर, पाइप, सगळं नवीन टाका. मेळा संपल्यावर टाकी आणि वाटी रिकामी करून गाडी ठेवा.

ऑइल चांगल्या प्रतीचं टू-टी असेल तर १:२५ ते १:३० ठेवा, म्हणजे लिटरला ४० ते ३३ मिली. मोजायला प्लास्टिकची सिरिंज वापरा, झाकणाने मोजू नका. घाबरून १:१५ करणारे बरेच भेटतात. त्यांना वाटतं मिश्रण रिच झालं. होतं उलट, जादा ऑइलने पेट्रोलची जागा घेतली की जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि हवेच्या हिशेबाने मिश्रण लीन होतं. आणि उतारावर जास्त आरपीएमला ॲक्सिलेटर पूर्ण बंद ठेवून इंजिनब्रेक घेऊ नका. चारचाकी किंवा बुलेटवाल्याला ती सवय असते. इथे ॲक्सिलेटर बंद म्हणजे ऑइलही बंद. उतरताना मधे मधे थोडी रेस देत राहा.

आता घुटमळणं. यात पहिला गुन्हेगार एअर फिल्टर. आपल्या मुरमाची धूळ मैद्यासारखी बारीक असते आणि पाच-सहा गाड्या पुढे असल्या की तुम्ही तीच पिता. चार फेऱ्यांत फोम बुजतो, दुपारची विरळ हवा आणखी कमी होते आणि मिश्रण रिच होतं. दोन फोम तयार ठेवा, ऑइल लावून प्लास्टिकच्या पिशवीत बंद. दुपारी जेवणाच्या वेळी बदला. फोमच्या कडेला ग्रीसचा पातळ थर लावा, कारण धूळ फोममधून कमी आणि कडेने जास्त जाते. उघडं तोंड ठेवून ‘गाडी श्वास घेते’ म्हणणाऱ्यांचा पिस्टन एका दिवसात कामातून गेलेला मी पाहिलाय.

रिच आहे की नाही हे मैदानावरच कळतं. मध्यम वेगात, अर्ध्या ॲक्सिलेटरवर असताना पेट्रोल कॉक बंद करा. वाटीतली पातळी उतरत गेली आणि बंद पडण्याच्या जरा आधी गाडी अचानक साफ, जोरात चालली, तर ती रिच होती. हे पूर्ण ॲक्सिलेटरवर कधीही करू नका आणि गाडी साफ झाल्याबरोबर कॉक उघडा. रिच निघाली तर कार्ब्युरेटरच्या स्लाइडमधल्या सुईची (फ्लोटच्या नव्हे) क्लिप एक खाच वर घ्या, म्हणजे सुई खाली बसते. वळणातून निघताना तुम्ही पाव ते अर्ध्या ॲक्सिलेटरवर असता आणि तिथे सुईचंच राज्य असतं, मेन जेटचा संबंध फार थोडा. फ्लोटची पातळीही बघा. उंच असेल तर खड्ड्यांवर पेट्रोल हिंदकळून वर येतं. प्लगच्या रंगावर फार विसंबू नका, इथेनॉलमुळे आता प्लग पूर्वीपेक्षा फिकटच दिसतो.

दुसरा गुन्हेगार ठिणगी, आणि मूळ येझदीत ही जागा नाजूकच आहे. पॉइंट, कंडेन्सर, बॅटरी आणि कॉइल अशी जुनी रचना, ६ व्होल्टची. कंडेन्सर डायनॅमोच्या झाकणाखाली इंजिनच्या उष्णतेत बसलेला असतो. गार असताना चांगला, तापला की गळायला लागतो. पॉइंटवर निळसर-पांढऱ्या मोठ्या ठिणग्या उडताना दिसल्या तर समजा. मी कंडेन्सर तिथून काढून टाकीखाली कॉइलजवळ नेतो, वाऱ्यात. शिवाय ट्रॅकवर हळू वळणांत डायनॅमो पुरेसा चार्ज करत नाही, त्यामुळे सकाळची भरलेली बॅटरी दुपारी उतरते आणि ठिणगी मऊ पडते. दुपारी मीटर लावून व्होल्टेज बघा, किंवा चार्ज केलेली दुसरी बॅटरी सोबत न्या. ती बदलून गाडी सुधारली तर कार्ब्युरेटर उघडायची गरजच नाही. पॉइंटची फट ०.४ मिमीच्या आसपास ठेवा आणि टायमिंग फट लावल्यानंतरच करा, कारण फट बदलली की टायमिंग हलतं.

थोडक्यात इथवरचा क्रम: पिस्टन वाचा, फुग्याने गळती बघा, पेट्रोलची धार बघा, मग फोम, मग कंडेन्सर-बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी सुई आणि जेट. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत तापमानासकट लिहून ठेवा.

उडीवर मागचा भाग फेकण्याचं कारण इंजिनात नाही, शॉकअपमध्ये आहे. आणि खरं सांगायचं तर मोठ्या कार्ब्युरेटरला जाणारे पैसे इथे घातलेत तर लॅप टाइम जास्त उतरेल. दोन्ही शॉकअप काढा, स्प्रिंग उतरवा आणि दांडा हाताने आत दाबा. तो परत येताना सावकाश, सारख्या जोराने यायला हवा. जुन्या येझदीचे बहुतेक शॉकअप आतून कोरडे निघतात. मग उरते नुसती स्प्रिंग, आणि ती दाबलेली सगळी ताकद तुम्हाला परत देते. दुरुस्त करून ऑइल भरून घ्या, किंवा नवीन घेताना डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी तेवढीच ठेवा. फार लांब शॉकअप लावले की मागचा भाग उंच होतो, हँडल चंचल होतं आणि चेन स्विंगआर्मवर घासते.

मग सॅग मोजा, म्हणजे तुमच्या वजनाने मागचा भाग किती दबतो ते. गाडी उचलून मागचं चाक लटकवा आणि ॲक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत अंतर घ्या. मग बूट-हेल्मेटसह बसा आणि मित्राला तेच अंतर पुन्हा घ्यायला सांगा. चाकाच्या वर-खाली होण्याच्या एकूण चालीच्या पाव ते तिसरा हिस्सा एवढा फरक हवा. पुढच्या फोर्कचं ऑइल पूर्ण काढून दोन्ही पायांत मोजून सारखं भरा. आपल्या उन्हात ते पातळ होतं, म्हणून एक ग्रेड जाड चालतं.

या गाड्यांची चाल किती कमी आहे हे लक्षात ठेवून ट्रॅक वाचावा लागतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जगज्जेत्यांच्या मोटोक्रॉस गाड्यांनाही मागे जेमतेम ४ इंच चाल असायची. बेल्जियमचे जोएल रोबेर यांनी १९६४ मध्ये सीझेड या चेक गाडीवर २५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं ते दोन साध्या शॉकअपवरच. यामाहाने १९७५ च्या सुमारास मोनोशॉक (मागे दोनाऐवजी एकच शॉकअप) विक्रीच्या गाड्यांत आणला आणि त्यानंतर चाली झपाट्याने वाढल्या. तुमची येझदी चेक वंशाचीच, पण ती तर मुळात रस्त्यासाठी बनलेली. तिला आजच्या गाडीसारखं हवेत उडवू नका. उडीच्या टोकावर ॲक्सिलेटर अचानक सोडलात तर पुढचं चाक खाली जातं आणि मागचं उसळतं, आणि ‘फेकते’ असं वाटण्यात निम्मा वाटा याचाच असतो. रेस सारखी ठेवा, गुडघे सैल, वजन पायांवर, आणि चाक जमिनीला टेकताना थोडी ओढ चालू असू द्या.

उभं राहून चालवायचं तर मूळचे रबरी फूटरेस्ट चालणार नाहीत. दात असलेले, स्प्रिंगने मागे दुमडणारे बसवून घ्या. न दुमडणारा फूटरेस्ट मुरमात रुतला की गुडघा जातो. येझदीत गिअरच्या दांडीने क्लचही उघडतो, त्यामुळे बूट त्या दांडीवर टेकून राहिला तर क्लच अर्धवट सुटून घसरतो आणि तुम्हाला इंजिन कमजोर वाटतं. तेही एकदा तपासा.

टायरमध्ये काळ्या मऊ मातीत १२ पीएसआय छान, पण हिंगण्याकडच्या माळावर मुरमात दगडाचे गोटे आहेत. तिथे १४ ते १६ ठेवा, नाहीतर रिम आणि दगडामध्ये ट्यूब चिमटते. मागे रिमलॉक (टायर रिमवर घसरू न देणारी पकड) हवाच. गिअरिंगसाठी पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करा. वळणातून निघताना जो दम तुम्ही कार्ब्युरेटरमध्ये शोधताय, त्यातला बराचसा इथे थोडक्या पैशांत मिळतो.

एक्स्पान्शन चेंबरला माझा कायमचा विरोध नाही. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेडच्या कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी तो ज्या पद्धतीने विकसित केला, त्याने टू-स्ट्रोकचं नशीब बदललं. पण त्याचं काम दाबाच्या लाटेच्या वेळेवर चालतं. पसरत्या भागातून परतणारी लाट जळका वायू ओढते, निमुळत्या भागातून परतणारी लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण आत ढकलते, आणि हे एका ठराविक आरपीएमच्या पट्ट्यातच जुळतं. त्या पट्ट्याखाली गाडी मूळपेक्षा मंद होते. तुमच्या ट्रॅकवर हळू वळणं जास्त आहेत, येझदीला चारच गिअर आहेत आणि एक्झॉस्टची तोंडं दोन. दुसऱ्या कुणाच्या गाडीचा चेंबर आणून वेल्डिंग केलात तर फक्त आवाज वाढेल. गाडी दोन दिवस न पकडता चालली की पोर्टची मापं घेऊन त्यावरून आखू.

तोपर्यंत ब्लॉक उतरवा. पिस्टनवर कुठल्या बाजूला ओरखडे आहेत, फुग्याचा काटा गार आणि गरम असताना किती वेळ टिकला, आणि पिस्टनच्या माथ्यावर कोणता ओव्हरसाइज कोरलाय, एवढं कळवा. ओरखडे नखाला लागत नसतील तर हलकं होनिंग आणि नव्या रिंगवर भागेल. नखाला लागत असतील तर पुढच्या मापाचा पिस्टन आधी आणा आणि तो हातात आल्यावरच ब्लॉक लेथवर द्या.